दोन गावांतली एक टीम आणि एकमेकांशी न बोलणारे दोन साहेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲल्युमिनियम डायकास्टिंगमधल्या (वितळलेला धातू दाबाने साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरून केलेल्या) ऑइल पंप हाऊसिंगचा (पंपाच्या बाहेरच्या कवचाचा) नवा प्रकल्प सुरू होतोय. डिझाइन पुण्यात, कास्टिंग आणि मशीनिंग नाशिकच्या प्लांटमध्ये. डिझाइनचे प्रमुख आणि प्लांट हेड यांचं मागच्या एका प्रकल्पापासून बिनसलं आहे. थेट बोलणं बंद, जे काही चालतं ते मेलवर आणि वरिष्ठांना सीसी ठेवून. या दोघांच्याच हाताखालची माणसं घेऊन टीम बांधायची आहे. ती कशी बांधावी, आणि आधी दोघांची दिलजमाई करून घ्यावी का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: दिलजमाईच्या मागे लागू नका. प्रकल्पाला त्या दोघांची मैत्री लागत नाही. लागतात ते पंधरा-एक निर्णय, वेळेवर आणि लेखी. ते निर्णय दोघांच्या संबंधांवर अवलंबून राहणार नाहीत अशी कामाची मांडणी करणं तुमच्या हातात आहे; माणसांची मनं वळवणं नाही. दोघांना हॉटेलात जेवायला बसवून ‘झालं गेलं विसरा’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. त्यातून एक फोटो मिळतो आणि पुढच्या टूल ट्रायलला (डायच्या चाचणीला) गाडी मूळ पदावर येते. मुझफर शेरीफ यांनी 1954 मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या दोन गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. भांडलेल्या गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं तेव्हा मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ते सुरू करायला दोन्ही गट लागले, अशा कामांनंतरच तेढ हळूहळू ओसरली. तुमचे साहेब अन्न फेकणार नाहीत, सीसी वाढवतील, एवढाच फरक.

भांडणाची फोड

पहिला आठवडा यातच घालवा. दोघांना स्वतंत्र भेटा, प्रत्येकी तासभर, त्यांच्या जागी जाऊन. प्लांट हेडला पुण्याला बोलावून घेतलंत तर तुम्ही कोणाच्या बाजूचे हे भेटीआधीच ठरून जाईल. भावनांबद्दल विचारू नका. मागच्या प्रकल्पाचे कागद समोर ठेवून विचारा: ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन कोणत्या तारखेला आली, तेव्हा टूलची ऑर्डर गेली होती का, दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला. शेवटी एकच प्रश्न: ‘कोणती गोष्ट पुन्हा घडली तर तुम्ही या प्रकल्पातून तुमची माणसं काढून घ्याल?’ याचं उत्तर शब्दशः लिहून घ्या.

मग निघालेल्या तक्रारींचे तीन ढीग करा: मांडणीतून आलेल्या, मोजमापातून आलेल्या आणि खरोखर वैयक्तिक. बहुतेक वेळा पहिले दोन ढीगच मोठे निघतात, आणि ते कोणाचीही माफी न मागता सुटतात.

मांडणीतून भांडण कसं जन्मतं त्याचं डायकास्टिंगमधलं अस्सल उदाहरण म्हणजे मशीनिंग अलाउन्स, म्हणजे मशीनवर कापून काढण्यासाठी ठेवलेली जादा जाडी. कास्टिंगचा बाहेरचा थर दाट असतो, पोरॉसिटी (बारीक भोकं) आत असते. डिझाइनने ‘राहू दे थोडं जास्त’ म्हणून 0.5 मिमीऐवजी 1 मिमी अलाउन्स ठेवला, तर कटर तो दाट थर काढून टाकतो, आतली भोकं उघडी पडतात आणि हाऊसिंग लीक टेस्टला फेल होतं. निर्णय पुण्याचा, रिजेक्शनचा आकडा नाशिकच्या मासिक अहवालात, आणि इन्क्रीमेंट त्या आकड्यावर. उलट बाजूही तितकीच खरी. प्लांटने ट्रायलला डायचं तापमान किंवा इंजेक्शनचा वेग न कळवता बदलला, तर डिझाइनवाला भलत्याच कारणाच्या शोधात महिना घालवतो. असे चार प्रसंग झाले की कोणीही दोन सज्जन माणसं भांडतील.

तिसऱ्या ढिगात शिवीगाळ, जातीवरून टोमणे, खोटी नोंद किंवा छळ असं काही असेल, तर तो प्रकल्पाचा विषय उरत नाही. ते एचआरच्या रीतसर प्रक्रियेत जायला हवं. लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2013 च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे. टीम बांधणीच्या नावाखाली असली प्रकरणं दडपली जातात, तेव्हा टीमही टिकत नाही.

आधी मोजमाप जुळवा

हा भाग कोणी गांभीर्याने घेत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पुण्याचा सीएमएम (मापं घेणारं मशीन) एक आकडा दाखवतो, नाशिकचा दुसरा, आणि ‘तुमचं मशीन चुकीचं’ वरून गोष्ट ‘तुमचा माणूस खोटारडा’ पर्यंत जाते. अशा वेळी दोन्ही मशीन बरोबर असू शकतात. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढतं. 50 मिमी व्यासाच्या एच7 दर्जाच्या बोअरचा (भोकाचा) एकूण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 25 मायक्रॉन असतो. पार्ट 20 अंशांऐवजी 30 अंशांवर मोजला तर बोअर साडेअकरा मायक्रॉनने मोठा दिसतो, म्हणजे जवळपास निम्मा टॉलरन्स तापमानातच गेला. लाइनवरून गरम पार्ट उचलून लगेच मोजणं आणि एसी खोलीत रात्रभर ठेवून मोजणं यात हा फरक सहज पडतो.

म्हणून टीमचं पहिलं संयुक्त काम हेच ठेवा. आधीच्या एखाद्या मिळत्याजुळत्या हाऊसिंगचे 10 नग घ्या, त्यांवर क्रमांक कोरा, आणि तेच नग दोन्हीकडे मोजा. डेटम (मापं जिथून धरतात ते संदर्भ) तेच, क्लॅम्पिंग तेच, प्रोबचे पॉइंट तेवढेच, पार्ट किमान चार तास 20 अंशांच्या खोलीत ठेवलेले. पुण्याचा मेट्रॉलॉजीवाला नाशिकला जाऊन तिथलं मोजमाप पाहील, नाशिकचा पुण्याला येईल. लीक टेस्टचंही तसंच: एकच प्रमाणित लीक मास्टर (ठरावीक गळती असलेला नमुना) दोन्हीकडे फिरवा, टेस्टचा दाब, स्थिरावण्याचा वेळ आणि मोजण्याचा वेळ दोन्हीकडे एकच ठेवा. गेज आर अँड आर (मोजण्याच्या पद्धतीतूनच येणारा फरक) 10 टक्क्यांखाली आलं तर उत्तम, 10 ते 30 मध्ये असेल तर कुठे चालेल ते लिहून घ्या, 30 च्या वर असेल तर त्या गेजवरून कोणालाही दोष द्यायचा नाही.

याचा फायदा दुहेरी आहे. भांडणाचं एक मोठं कारण संपतं, आणि दोन्हीकडच्या पोरांना साहेबांच्या नजरेबाहेर एक काम एकत्र पूर्ण केल्याचा अनुभव मिळतो. ही दोन आठवड्यांची बाब आहे. ट्रायल सुरू झाल्यावर हे करायला गेलात तर प्रत्येक आकड्याला बाजू चिकटलेली असते, मग ते जमत नाही.

निर्णयांचा तक्ता

एक कोरा तक्ता बनवा. ओळींमध्ये निर्णय: ड्रॉइंगमधलं माप बदलणं, मशीनिंग अलाउन्स, ड्राफ्ट अँगल (पार्ट डायमधून सुटावा म्हणून दिलेला उतार) आणि पार्टिंग लाइन (डायचे दोन भाग मिळतात ती रेषा), पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनच्या खुणा कुठे चालतील, डायची दुरुस्ती, कास्टिंगचे पॅरामीटर, लीकची मर्यादा, ट्रायलची तारीख, ट्रायल रद्द करणं, ग्राहकाकडे डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळ्या मालाची सवलत) मागणं, डायमेकरशी बोलणं, पैशांची मंजुरी. बारा ते पंधरा ओळी पुरेत. रकाने तीन: निर्णय कोणाचा, आधी कोणाला विचारायचं, किती दिवसांत.

हा तक्ता बैठकीत भरू नका. दोन्ही साहेबांना तोच कोरा कागद वेगवेगळा द्या आणि एकमेकांचा न पाहता भरायला सांगा. मग शेजारी ठेवा. बऱ्याच ओळी आपोआप जुळतात, आणि हे दोघांनाही आश्चर्याचं वाटतं. तीन-चार ओळींत दोघांनीही स्वतःचं नाव लिहिलेलं असतं. खरं भांडण तिथे आहे. एखाद्या ओळीत दोघांनीही समोरच्याचं नाव लिहिलेलं असतं. ती ओळ जास्त धोक्याची, कारण ते काम कोणीच करणार नाही. डायमेकरचा पाठपुरावा ही अशी ठरलेली बेवारस ओळ.

वादाच्या ओळींवर निर्णय दोघांच्या वरच्या माणसाने द्यायचा, आणि एका ओळीत एकच नाव ठेवायचं. ‘दोघांनी मिळून’ असं कुठेही लिहू नका. उदाहरणार्थ: माप बदलणं डिझाइनकडे, प्लांटचं मत घेऊन, तीन कामाच्या दिवसांत. मत आलं नाही तर निर्णय थांबत नाही. कास्टिंगचे पॅरामीटर प्लांटकडे, फक्त ट्रायल शीटवर नोंद बंधनकारक. डायची दुरुस्ती ठरावीक रकमेपर्यंत प्रकल्प प्रमुखाकडे, त्यावर संचालकांकडे. तक्त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

इथे प्रकल्प प्रमुखाचा मुद्दा येतो. तो या दोघांपैकी कोणाच्याही हाताखालचा नसावा. पुण्यातल्या डिझाइनमधलाच एखादा ज्येष्ठ इंजिनिअर ‘समन्वयक’ म्हणून नेमला तर नाशिकच्या नजरेत तो पहिल्या दिवसापासून पुण्याचा हेर. प्रोग्रॅम मॅनेजमेंट किंवा क्वालिटीमधला माणूस घ्या, त्याला खर्चाची मर्यादा लेखी द्या, आणि तो थेट दोघांच्या सामायिक वरिष्ठाला उत्तरदायी ठेवा. एमडीखेरीज दुसरा सामायिक वरिष्ठ नसेल तर एमडींनी एका संचालकाला हे काम नावानिशी सोपवावं, आणि त्या संचालकाने आठवड्याला वीस मिनिटं खरोखर द्यावीत.

वर असा एकच माणूस नसला तर काय होतं याचं मोठं उदाहरण एअरबसचं ए380 विमान आहे. हॅम्बुर्गचं काम कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत, टूलूझचं पाचव्या आवृत्तीत. एका विमानातली सुमारे 530 किमी वायर, आणि जुळणीच्या वेळी हार्नेस (वायरचे जुडगे) बसेनात. 2006 मध्ये मोठा विलंब जाहीर करावा लागला, त्याच वर्षी वरच्या पदांवर राजीनामे झाले, आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर 2007 मध्ये मिळालं. बोट सॉफ्टवेअरकडे दाखवलं जातं. पण दोन्ही ठिकाणांना ‘एकच आवृत्ती वापरा’ असं सांगून ते करून घेण्याइतका अधिकार कोणी वापरला नाही, हा खरा भाग. मूळ कंपनीत तेव्हा एक जर्मन आणि एक फ्रेंच असे दोन सीईओ होते. 2007 मध्ये ती व्यवस्था मोडून एकच सीईओ ठेवला गेला.

पैसा आणि मशीनचे तास

ट्रायलचं रिजेक्शन प्लांटच्या मासिक रिजेक्शनमध्ये धरू नका. प्रकल्पासाठी वेगळं कॉस्ट सेंटर उघडा. ट्रायलचं मटेरियल, स्क्रॅप आणि मशीनचे तास त्यावर टाका. एवढ्या एका गोष्टीने प्लांट हेडचा निम्मा विरोध मावळतो, कारण त्याचा विरोध पुण्याला कमी आणि स्वतःच्या केआरएला (कामगिरीच्या उद्दिष्टांना) जास्त चिकटलेला असतो. डिझाइनच्या केआरएमध्येही टी1 (डायची पहिली ट्रायल) नंतर काढलेल्या ड्रॉइंग बदलांची संख्या घाला, नाहीतर ‘बघू ट्रायलला’ ही सवय जात नाही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ट्रायल लावू नका. डिस्पॅचच्या दबावात मशीन मिळणार नाही, ट्रायल रद्द होईल आणि पुण्याला ती मुद्दाम केलेली अडवणूक वाटेल. मार्चअखेर तर नावही काढू नका. तारीख किमान दहा दिवस आधी, मशीन क्रमांक, डाय, ऑपरेटर आणि मटेरियलसह लिहून ठरवा. रद्द करण्याचा अधिकार प्लांट हेडलाच ठेवा, तो हिसकावून घ्याल तर तो दुसऱ्या वाटेने वापरला जाईल. फक्त रद्द करणाऱ्या मेलमध्येच नवी तारीख हवी, आणि ती पुढच्या सात दिवसांतली हवी.

सुट्ट्याही जुळवून घ्या. डिझाइन ऑफिसला शनिवार-रविवार, प्लांट सहा दिवस, आणि बऱ्याच एमआयडीसींत साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी. पुणे-भोसरीकडे गुरुवार असतो तसा. तीन कामाचे दिवस म्हणजे कोणाचे तीन, हे तक्त्याखालीच लिहा.

माणसं

गाभ्याची टीम सात-आठ जणांची: डिझाइनचे दोन, प्लांटच्या मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंगचा एक, कास्टिंगचा एक, मशीनिंगचा एक, क्वालिटीचा एक, परचेसचा एक आणि प्रकल्प प्रमुख. साहेबांचा उजवा हात घेऊ नका. तो साहेबांचं भांडण सोबत घेऊन येतो. अगदी नवखाही नको, त्याला शॉप फ्लोअरवर कोणी विचारत नाही. पाच ते आठ वर्षांचा अनुभव, आणि ज्याच्या शब्दावर सुपरवायझर मशीन थांबवतो असा माणूस बघा. दोन्ही साहेबांना तीन-तीन नावं द्यायला सांगा आणि त्यातून प्रकल्प प्रमुखाला निवडू द्या. म्हणजे माणूस त्यांनीच दिलेला, पण निवडलेला त्यांनी नाही.

‘पन्नास टक्के वेळ’ म्हणजे शून्य टक्के. वार लिहा: सोमवार आणि मंगळवार पूर्ण, बुधवार दुपारपर्यंत. ज्यांचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो त्यांच्या अप्रेझलमध्ये प्रकल्प प्रमुखाचं लेखी मत किमान 40 टक्के धरलं जाईल, असं पत्र सुरुवातीलाच हातात द्या. पोरं साहेबांच्या बाजूने का बोलतात हे कोडं नाही. इन्क्रीमेंटवर सही त्यांचीच असते.

पुणे-नाशिक 210 किमी, रस्त्याने पाच तास धरा. एका दिवसात जाऊन-येऊन काम होत नाही, नुसती हजेरी लागते. नाशिकचा मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर डिझाइन फ्रीजपर्यंतचे (डिझाइन पक्कं होईपर्यंतचे) सहा आठवडे पुण्यात बसवा, कारण ड्राफ्ट, डेटम आणि अलाउन्स तिथेच ठरतात आणि पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याचा अभ्यास) टूल ऑर्डरच्या आधी सुरू व्हायला हवा. टी1 पासून पुण्याचा डिझायनर सहा ते आठ आठवडे नाशिकला. त्याला टेबल कॉन्फरन्स रूममध्ये देऊ नका, शॉपमधल्या ऑफिसात द्या. आणि भत्ता दोघांना सारखा ठेवा. पुण्याच्या ग्रेडला हॉटेल आणि प्लांटच्या ग्रेडला गेस्ट हाऊसची डॉर्मिटरी, या एका फरकाने बाकी सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

बैठका, आणि साहेबांनी कुठे भेटायचं

साहेबांना साप्ताहिक बैठकीत बसवू नका. ते असले की टीम बोलत नाही, साहेबांकडे बघते. दोघांची भेट पाच टप्प्यांवर: डिझाइन फ्रीज, टूल ऑर्डर, टी1 नंतर, पीपॅप (ग्राहकाच्या मंजुरीसाठीची कागदपत्रं) सादर करण्याआधी, आणि उत्पादन सुरू करण्याआधी. पंचेचाळीस मिनिटं, कागद दोन दिवस आधी पाठवलेले, आणि फक्त हो किंवा नाही ठरवायचं. ‘नाही’ म्हणणाऱ्याने काय पूर्ण झालं की ‘हो’ होईल ते तिथेच लिहायचं.

टीमची साप्ताहिक बैठक अर्ध्या तासाची. अडचणींची एकच यादी, एकाच जागी, स्क्रीनवर उघडी. मिनिट्स तिथेच टाइप होतात. पुण्यात सहा जण एका माइकभोवती आणि नाशिकला दोघं प्रेसच्या आवाजात, असं असेल तर नाशिकवाले दहा मिनिटांत गप्प होतात. सगळ्यांनी आपापल्या हेडसेटवर बसावं, एका खोलीत असले तरी. व्हॉट्सॲपवर दोषांचे फोटो चालतील, नग क्रमांक आणि शॉट (डायमधली एकेक ओतणी) क्रमांकासह. निर्णय तिथे घ्यायचा नाही.

अडलेला मुद्दा दोन कामाच्या दिवसांत सुटला नाही तर प्रकल्प प्रमुखाकडे, चार दिवसांत नाही तर संचालकांकडे. मात्र संचालकांकडे एकट्याने जायचं नाही. दोन्ही बाजूंनी मिळून एक पान लिहायचं: या गोष्टी आम्हा दोघांना मान्य, या एका गोष्टीवर मतभेद, आणि प्रत्येक पर्यायाला इतके दिवस नि इतका खर्च. हे पान लिहितानाच बरेच वाद संपतात. संचालकांनी एकट्याचा फोन घेतला, ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे, बघतो मी’ म्हणाले, की नियम त्याच दिवशी मोडला. सगळ्यात जास्त नुकसान याच एका सवयीने होतं, आणि ती सुधारायला अवघड, कारण नियम मोडणारा सगळ्यांचा वरिष्ठ असतो.

बिघडत चाललंय हे कसं ओळखावं

सीसीमधली नावं वाढतात. ट्रायल लागोपाठ दोनदा रद्द होते. मोजमापाची मूळ फाइल यायची बंद होऊन फक्त पीडीएफ येते. कोणीतरी अडचणींची स्वतःची वेगळी एक्सेल ठेवू लागतं. आणि सर्वात स्पष्ट खूण: तक्त्यात ज्याचा निर्णय लिहिलेला आहे तोच माणूस ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणतो. असं दुसऱ्यांदा दिसलं की प्रकल्प प्रमुखाने तक्ता घेऊन त्या साहेबांकडे जावं, एकट्याने, आणि ओळ दाखवावी. सगळ्यांसमोर नाही.

तिसऱ्यांदा सही केलेला नियम मोडला गेला तर त्या साहेबांनी आपल्या उपप्रमुखाला या प्रकल्पापुरता सहीचा अधिकार द्यायचा आणि स्वतः फक्त पाच टप्प्यांवर यायचं, हे सुरुवातीच्या पत्रातच लिहून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तर तो अपमान होतो. आधीपासून कागदावर असेल तर नियम असतो, आणि दोघांना सारखा लागू असतो.

दोघांपैकी कोणी तक्त्यावर सहीच करायला तयार नसेल तर काम सुरू करू नका. तेव्हा दोन वाटा उरतात. एक, माणूस बदलणं. दुसरी, सांधा छोटा करणं: डिझाइन, टूल आणि टी1 पर्यंत सगळं पुण्याकडे, मग ठरलेल्या यादीसह एकदाच नाशिककडे हस्तांतर. यात प्लांटचं म्हणणं उशिरा येतं, डायच्या एक-दोन दुरुस्त्या जास्त होतात, आणि वेल्डिंगने दुरुस्त केलेल्या डायचं आयुष्य घटतं. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागेल.

उत्पादन सुरू झाल्यावर टीम लगेच मोडू नका. नव्वद दिवस साप्ताहिक बैठक चालू ठेवा, कारण लीकचं खरं रिजेक्शन डाय काही हजार शॉट चालल्यावर कळतं आणि जुना वाद डोकं वर काढतो तो तेव्हाच. त्या नव्वद दिवसांत तेच क्रमांक कोरलेले 10 नग पुन्हा एकदा दोन्हीकडे मोजून घ्या. आणि डेप्युटेशनवरून परतणाऱ्या माणसाची मूळ जागा त्याच्यासाठी राखलेली आहे ना, हे तो परतण्याच्या महिनाभर आधी एचआरकडून लेखी मागून घ्या.